दर्यावरच्या पद्मावतीचं माहेर

हल्ली बायका सायकली चालवत निघाल्या की लोक थांबून फोटो काढतात. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, पुढे कुठल्याशा मंडळाचा बॅनर आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. काढा बापडे फोटो. पण आम्ही मालवणच्या चार बायका पदर खोचून सायकलीवरून घाटाखालच्या माहेरी निघालो, तेव्हा फोटो काढायला कुणी आलं नव्हतं. आले होते ते दात काढायला. चौक्याच्या तिठ्यावर एकाने विचारलं होतं, "काय गो, घोवांनी घराभायर काढल्यानी काय?" त्याला पद्मावतीने जे उत्तर दिलं ते मी इथे लिहिणार नाही. माझी नातवंडं वाचतात.

ही गोष्ट त्या पद्मावतीची. मी फक्त तिची शेजारीण, किशोरी. मला राग लवकर येतो असं आमच्या घरातले म्हणतात. त्यांना काय जातं म्हणायला.

माझं माहेर फोंडाघाटाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. भात, काजू, थोडे आंबे, आणि उरलेला वेळ भांडणं, असं गाव. त्या गावातून राधाबाई पहिली मालवणात दिली. तिने माझं स्थळ आणलं, मी संचिताचं. एकीने दुसरीला ओढावं तशा आम्ही तिघी एका गावच्या मुली दर्याच्या कडेला येऊन पडलो. माशाच्या वासाने मला पहिले सहा महिने जेवण जात नव्हतं. पुढे बांगडा नसेल त्या दिवशी जेवण जाईना, ती गोष्ट वेगळी.

पद्मावती माझ्या शेजारची. तिचा जन्मच तिथला. आई तिला जन्म देऊन गेली आणि बाप तांडेल होता, तो होडीबरोबर गेला तो आलाच नाही. आईच्या लांबच्या बहिणीने वाढवलं. लग्नाचं वय झालं तेव्हा त्या मावशीने फार लांब न बघता अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या मंगेशला देऊन टाकली. वरात निघाली ती गडग्याला वळसा घालून, माडाखालून, परत त्याच वाटेवर आली. वाजंत्र्यांना एक गाणं पुरं करता आलं नाही, असं ती हसून सांगायची. पुढे मावशी वारली, तिच्या मुलांनी घर विकलं आणि ती मुलं गोव्याला गेली. झालं. सासर आणि माहेर यांच्यात एक गडगा होता, त्यातलं माहेर गेलं आणि गडगा राहिला.

ती मासे विकायची. किनाऱ्यावरच्या बाजारात बसून नव्हे, तर आत, कट्टा गावापर्यंत, दारोदार. माशाच्या पाटीतून पाणी ठिबकतं म्हणून कंडक्टर पाटी गाडीत घेईना. दोन-चार वेळा भांडली, मग म्हणाली, "गाडी माझो विचार करना नाय, तर मिया गाडीचो कित्याक करू?" मंगेशची जुनी सायकल घेतली, मागे फळी बांधली, फळीवर पाटी. बाई सायकलीवर मासे घेऊन येते म्हणून आधी लोक हसले. मग मासे ताजे मिळायला लागले म्हणून गप्प बसले.

आता आमची जत्रा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मार्गशीर्षात आमच्या देवीची जत्रा असते. त्या दिवशी गावच्या सगळ्या लेकी, लग्न होऊन कुठेही गेलेल्या, देवीची ओटी भरायला येतात. पण आपलं गेलं आणि भरली ओटी, असं नाही. भाई गुरव गाभाऱ्याच्या दारात उभा राहून एकेका घराचं नाव घेऊन हाक मारतो. आंब्याखालच्या घरची लेक आली काय? व्हाळावरच्या घरची लेक आली काय? जिचं घर असेल तिने मोठ्याने म्हणायचं, "आयलंय गो बाये." मग सगळ्या हाका झाल्या की पुढे जाऊन ओटी भरायची. देवीकडून तिला नव्या तांदळाची पसाभर ओटी आणि नारळ मिळतो. लेक आली नाही तर भाई तीनदा हाक मारतो, आणि नारळ देवीच्या पायाशी तसाच ठेवतो. आपल्या घराची हाक रिकामी गेली, हे ऐकून म्हातारे बाप देवळात डोळे पुसतात. मी स्वतः पाहिलंय.

एका वर्षी आमच्या तिघींची हाक रिकामी गेली. संचिताच्या अंबाड्याचं काही केल्या जमेना आणि त्या नादात सकाळची गाडी गेली. मला आजही तो अंबाडा आठवला की राग येतो. स्टँडवर आम्ही तिघी रडत बसलो होतो. पद्मावती पाटी धुऊन परत चालली होती. सायकल टेकवून म्हणाली, "रडतास कित्याक? सायकली नाय हत काय गावात?"

"सायकल येवक व्होयी मां," राधाबाई म्हणाली.

"येवक काय, ती काय जावय आसा? शिकूची लागता."

आणि तिने आम्हाला शिकवलं. ओहोटीला पाणी मागे गेलं की किनाऱ्याची ओली वाळू घट्ट होते. त्या वाळूवर संध्याकाळी आम्ही तिघी लग्न झालेल्या, पोरं असलेल्या बायका आळीपाळीने पडायचो. तिथे पडलं तरी लागत नाही, हे तिचं शास्त्र. लागलं ते लोकांच्या बोलण्याने. माझी सासू आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगू, तो आठवडा बरा गेला. राधाबाईला ब्रेक कळेपर्यंत ती थेट पाण्यात जाऊन थांबायची. पद्मावती मागून सीट धरून धावायची आणि ओरडायची, "फुडे बघ गो, चाकाकडे काय बघतंस, चाक खंय पळान जाता?"

पुढच्या मार्गशीर्षात आम्ही चौघी निघालो.

काय ते दिवस होते. उजाडायच्या आधी निघायचं, तर थंडी अशी की हँडलवर बोटं वाकत नसत. पद्मावती कानाला टॉवेल गुंडाळून पुढे, मग संचिता, मग मी, आणि शेवटी राधाबाई, तिच्या सायकलीला मागून कुणी असलेलं तिला चालायचं नाही. कट्टा येईपर्यंत धुकं. माडांचे फक्त बुंधे दिसायचे. घराघरांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शेकोट्या पेटलेल्या, त्यांचा धूर रस्त्यावर आडवा पसरलेला, त्यातून सायकल घातली की साडीला तो वास दिवसभर राहायचा. काजूला मोहर आलेला असायचा. कापलेल्या शेतात कुळीथ हिरवा वर येत असायचा. कसालला चहा. चहाबरोबर पद्मावतीने आणलेली भाकरी आणि खोबऱ्याची चटणी, कारण जत्रेच्या दिवशी ती मासळीला शिवायची नाही. देवी आमची, नेम ती पाळायची.

कणकवली मागे पडली की समोर सह्याद्री दिसायला लागतो. पहिल्या वर्षी पद्मावतीने तो बघितला आणि सायकलीवरून उतरलीच. किनाऱ्यावर वाढलेली, एवढा डोंगर कधी समोर बघितलेला नाही. कितीतरी वेळ बघून म्हणाली, "ह्यो दर्यो कोणी उभो केल्यान?" आम्ही हसलो. पण मग मलाच तो डोंगर पहिल्यांदा दिसला. माझं बालपण त्याच्या पायथ्याशी गेलं होतं आणि मी कधी मान वर करून बघितला नव्हता.

चढावावर उतरून ढकलायच्या, उतारावर बोंबलत सुटायचं. उतारावर आम्ही माहेरची गाणी म्हणायचो. पद्मावतीला गाणी पाठ झाली. आमच्या गावच्या कुणाच्या कोण आत्या, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात गेली, कोर्टात काय झालं, सगळं तिला ठाऊक. गावच्या गजाली तिला आमच्याहून जास्त माहीत असायच्या, कारण आमच्या भांडणांमुळे आम्ही अर्ध्या घरांशी बोलत नव्हतो आणि ती सगळ्यांशी बोलायची.

देवळाशी पोचलो की मात्र ती फणसाखाली सायकली लावून तिथेच बसायची. "मिया सायकली राखतंय, तुमी जावा." तिला कुणी अडवलं नव्हतं. आमच्या देवळात कुणाला अडवत नाहीत. पण तिथे हाका मारतात घराच्या नावाने, आणि तिच्या नावाचं घर त्या गावात नव्हतं. उगाच गर्दीत उभं राहून काय करायचं, असं तिचं. ओटी भरून आम्ही बाहेर आलो की ती विचारायची, "आयलंय म्हणून मोठ्यान बोललंस मां? माका हंय ऐकूक येवक व्होया." आम्ही तिला प्रसाद द्यायचो. ती कपाळाला लावून खायची आणि चाकांची हवा बघायला लागायची.

असं किती वर्षं चाललं. आमच्या पोरांची लग्नं झाली. रस्ता चौपदरी झाला आणि कसालपुढे सायकलवाल्याला कडेने जीव मुठीत धरून जावं लागायला लागलं. राधाबाई पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आणि रिक्षातून पिशव्या घेऊन यायला लागली. तिच्याऐवजी संचिताची मुलगी तन्वी आली, गिअरची सायकल घेऊन. मग तन्वीच्या मैत्रिणी. आता दरवर्षी चांगल्या डझनभर बायका असतात. पुढे मात्र पद्मावतीच. तिच्यापुढे सायकल काढायची कुणाची छाती नव्हती, तन्वीचीसुद्धा नाही.

या वर्षी दिवाळी झाली आणि मी तिच्या खळ्यात जाऊन म्हटलं, "पद्मे, सायकलीक तेल घाल. जत्रा जवळ इली."

ती मंगेशच्या जाळ्यातले खेकडे सोडवत होती. गुडघा पुढे करून दाखवला. सुजून नारळाएवढा झाला होता. सर्वेश, तिचा मुलगा, आतून म्हणाला, "काकी, डॉक्टरांनी सायकल बंद सांगल्यानी हा." मी म्हटलं, तर मग राधाबाईबरोबर रिक्षातून ये. गुडघा सायकलीला लागतो, रिक्षाला काय लागतो?

"नको," ती म्हणाली. "सायकल चलवक येयत नाय, तर मिया येवन करू काय? थंय माझा काय आसा?"

मी चिडले. म्हटलं, असं कसं बोलतेस, इतकी वर्षं येतेस. तिने खेकडा बादलीत टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी वर्षां तुमका माहेराक पोचवलंय, किशोरी. माका कोण खंय पोचयतलो?"

घरी आले ती भांडी आपटत. नवरा विचारतो काय झालं, तर त्याच्यावर ओरडले. साठी उलटलेली बाई, पोराची आई, नातवंडांची आजी, आणि तिला अजून माहेर हवंय. आणि का नको? मला नको काय? संचिताला नको? राधाबाई काठी टेकत रिक्षातून कशाला जाते?

मी भाई गुरवाला फोन लावला. मला एक गोष्ट सुचली होती. आमच्या गावात टेंबावर, म्हणजे टेकाडावर, एक घर आहे. माणसं केव्हाच मुंबईला गेली, लेक त्या घराला नाहीच. तरी रीत म्हणून भाई दरवर्षी त्या घराची हाक मारतो आणि ती रिकामी जाते.

"भाई," मी म्हटलं, "टेंबावरच्या घराच्या हाकेक आमची पद्मावती उभी केली तर?"

भाई म्हणाला, "ह्या माझ्या हातातला न्हय. देवीक कौल लावक व्होयो. तिका घेवन ये."

रिकामी जागा आहे आणि बिनजागेचं माणूस आहे. माझ्या मते प्रश्न सुटला होता. मी पद्मावतीला काही सांगितलं नाही. भिकेचं घेणारी ती नव्हे, सांगितलं असतं तर आलीच नसती. फक्त दोन दिवस तिच्या डोक्याशी बसून कटकट केली. शेवटी वैतागून म्हणाली, "येतलंय. पण सायकलीन. रिक्षात बसान जावक मिया काय गाठोडा आसंय?" सर्वेशने माझ्याकडे जे बघितलं, ते मी लक्षात ठेवलंय.

या वर्षी ती पहिल्यांदा शेवटी होती. तन्वी पुढे गेली, पण दर वळणावर थांबून मागे बघायची. आम्ही सगळ्याच हळू चालवत होतो आणि जी ती आपल्यालाच दम लागल्याचं सोंग करत होती. चढाव आला की पद्मावती उतरायची आणि सायकलीवर भार टाकून एकेक पाऊल चढायची. तोंडातून ब्र नाही. धुकं तेच होतं, शेकोट्यांचा धूर तोच. मी तिच्या बाजूने चालत होते. ती म्हणाली, "काजूचो मोहर यंदा बरो आसा." मी म्हटलं, हो. एवढंच बोलणं.

कसालला चहाला थांबलो. राधाबाई रिक्षातून आधीच येऊन बसली होती. राधाबाईच्या पोटात काही राहात नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "पद्मे, आज तुझो कौल आसा गो. बरा होतला सगळा."

पद्मावतीने कप खाली ठेवला. "कसलो कौल?"

मग मला सांगावं लागलं. टेंबावरचं घर, रिकामी हाक, भाई, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठली, सायकल स्टँडवरून काढली आणि तोंड मालवणकडे केलं. डझनभर बायका चहा हातात धरून बघत राहिल्या. मी मागून गेले आणि तिचं हँडल धरलं.

"सोड," ती म्हणाली. "आणि देवीन नाय म्हटल्यान तर? आजपर्यंत माका कोणी नाय म्हणूक नाय, कारण मिया कधी इचारूक नाय. आता तू माका नाय म्हणूक लावतलंस, आख्ख्या गावाफुडे."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. पण मी हट्टी. म्हटलं, "देवीन नाय म्हटल्यान तर फुडल्या वर्सापासून मियाय आत जावचंय नाय. तुझ्या वांगडा फणसाखाली सायकली राखतलंय. माझ्या घराची हाक जांव दे रिकामी."

"खुळी आसंस."

"आसंय."

तिने हँडलवरचा माझा हात काढला. मग सायकल वळवली. कणकवलीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण वळवली.

ऊन उतरायच्या सुमाराला पोचलो. देऊळ माणसांनी भरलेलं. ती सवयीने फणसाकडे गेली. मी काही बोलले नाही, सायकली लावून होऊ दिल्या आणि मग तिला दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत आणली. पुढे यायला ती तयार नव्हती. पायरीवरच्या खांबाला हात लावून उभी राहिली.

भाईने हाका सुरू केल्या. आंब्याखालच्या घरची लेक आली काय? "आयलंय गो बाये," मी म्हटलं, पण माझं लक्ष पायरीकडे होतं. व्हाळावरच्या घरची, ती संचिता. खालच्या घरची, राधाबाई, बसल्या जागेवरून. मग टेंबावरचं घर. भाईने हाक मारली आणि थांबला. दुसरी हाक मारली नाही. देवीच्या अंगावर दोन पाकळ्या पाण्याने चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बाये माऊली, आज तुझ्या पायाकडे एक गजाल घालतंय. दर्यावरचा एक चेडू, पद्मावती नावाचा, इतकी वर्षां तुझ्या लेकींका सुखरूप तुझ्या दारात घेवन येता."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं.

"तेका सवताचा माहेर नाय."

"व्हय म्हाराजा."

"टेंबावरच्या घराक लेक नाय. त्या घराच्या हाकेक ह्या उभ्या रवला तर तुका चलात काय? चलत आसात तर उजवो दी. नाय तर डावो."

मी पाकळ्यांकडे बघत होते. उजवी हलली असं मला वाटलं. पडली ती डावी.

मी मागे बघितलं. पद्मावतीने मान हलवली, खरेदीला आलेल्या गिऱ्हाईकाने भाव नाही पटला म्हणून हलवावी तशी, आणि पायरी उतरायला लागली. दुखऱ्या पायाने आधी, मग दुसऱ्याने.

मी उठले. ओटीचं ताट हातात होतं ते तिथेच जमिनीवर ठेवलं. म्हटलं, "भाई, आंब्याखालच्या घरची ओटी ऱ्हांव दे. फुडल्या वर्सापासून ती हाकय रिकामी जातली. मिया भायर आसंय."

माझा भाऊ गुरुप्रसाद पुढे आला. "ताये, देवीवर रुसतत काय?"

"रुसतत," मी म्हटलं. "माहेराकच रुसतत. नाय तर रुसाचा खंय, सासराक?"

आणि मी खरंच निघाले. देवीची क्षमा मागायचीही शुद्ध नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि रागाने पुसत होते. तेवढ्यात मागून राधाबाईने काठी आपटली.

"थांबा मेल्यांनू. देवीन वायट काय सांगल्यान? टेंबावरच्या घराक कुलूप आसा. दार उघडूक माणूस नाय, तांब्याभर पाणी देवक माणूस नाय. थंय तुमी ह्या चेडवाक धाडतास? तुमच्या पोटच्या चेडवाक धाडल्यात काय बंद घरात? देवीन नाय म्हटल्यान ता चेडवाक न्हय. त्या घराक."

मी जागच्या जागी उभी राहिले. भाईने राधाबाईकडे बघितलं, मग देवीकडे. एकदा डावा कौल आला की तोच प्रश्न पुन्हा विचारत नाहीत. पण प्रश्न बदलला तर विचारता येतो. खोटं कशाला सांगू, आमच्या गावाने विहिरीची जागा, शाळेची जागा आणि निम्मी लग्नं अशीच प्रश्न बदलून बदलून उजवी करून घेतली आहेत.

पण भाई आधी देवीला विचारायला गेला नाही. तो माणसांकडे वळला. "दार उघडा व्होया म्हणता राधाबाई. कोणाचा दार उघडा ता आदी सांगा."

पहिला गुरुप्रसाद म्हणाला, "आंब्याखालचा उघडा." मग संचिताचा पुतण्या, "व्हाळावरचा उघडा." खालच्या घरचे म्हणाले, वडाकडचे म्हणाले. ज्यांच्याशी आम्ही म्हशीवरून बोलत नाही, त्या घरची सूनबाई मागून म्हणाली, "आमचोय उघडो, म्हणजे आमच्या घराचा दार," आणि लोक हसले. एकेक घर बोलत गेलं. शेवटी भाई म्हणाला, "गुरवाचाय उघडा."

त्याने नव्या पाकळ्या लावल्या. "बाये माऊली, एका घराची नको. आख्ख्या गावाची लेक म्हणून घेतंस काय? घेत आसशीत तर उजवो दी."

"व्हय म्हाराजा."

पाकळी हलेना. ढोलवाला तोंड उघडं टाकून बघत होता. माझा जीव टांगणीला. मनात म्हटलं, बाये, आता मात्र नाही म्हणू नकोस, मला घरी जाऊन तोंड दाखवायचंय. किती वेळ गेला देव जाणे. मग उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

भाईने मोठ्याने हाक मारली, "गावाची लेक आयली काय?"

पद्मावती शेवटच्या पायरीवर पाठमोरी उभी होती. वळली. तोंड उघडलं, पण आवाज नाही. तीन गल्ल्यांपलीकडे बांगड्याची आरोळी पोचवणारी बाई, तिला एक शब्द बोलता येईना. भाईने दुसरी हाक मारली. तिचे ओठ हलले. तिसऱ्या हाकेला ती काहीतरी पुटपुटली.

"माका ऐकूक येवक नाय," भाई म्हणाला. म्हातारा लबाड आहे. त्याला चांगलं ऐकू येतं.

मग ती बोलली. "आयलंय गो बाये," आणि ते असं निघालं की देवळामागच्या बैलाने मान वर केली. गर्दीने वाट दिली. लंगडत लंगडत ती आत गेली. हाताला माशांचा वास नको म्हणून तिने दोन दिवस आधीपासून हात राख लावून घासले होते, हे मला तेव्हा तिचे तळवे बघून कळलं. ओटी तिने आणलेली नव्हती. मी माझं ताट उचलून तिच्या हातात दिलं आणि देवीला म्हटलं, माझं पुढच्या वर्षी. आम्ही रडलो. रडायला लाज कसली, माहेर होतं.

रात्री कुणाकडे राहायचं यावरून भांडण झालं. मी मोठ्याने भांडले म्हणून ती आमच्याकडे आली.

सकाळी सगळ्या अंगणात सायकली घेऊन तयार. ऊन खळ्यात आलेलं. पद्मावतीचा पत्ता नाही. मी आत गेले, तर ही बाई जागी होती. गोधडी हनुवटीपर्यंत ओढून, टक्क उघड्या डोळ्यांनी छपराकडे बघत पडलेली.

"उठ गो," मी म्हटलं. "ऊन वर इला. गुडघो दुखता काय?"

"दुखना नाय." तिने मान माझ्याकडे वळवली. "किशोरी, मिया माहेराक आसंय मां?"

"आसंस."

"मगे माका चाय हंय हाडून दी. बिछान्यात."

मी जन्मात नवऱ्यालाही अंथरुणात चहा दिलेला नाही. दिला. तिने उठून बसून तो बशीत ओतला, फुंकर घातली, सावकाश प्यायली, कपबशी माझ्या हातात परत दिली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा गोधडी ओढून घेतली. बाहेर तन्वी विचारत होती, कधी निघायचं. मी सांगितलं, दुपारचं जेवून निघू, तिला झोपू दे.